ढेकूण कोणाच्या घरचे?

राबिया, तू गेलीस त्याला आज सहा दिवस झाले, आणि माझ्या मनात अजून पाल चुकचुकते आहे की यातही तुझा काहीतरी डाव असावा. तू एखादी गोष्ट गुपचूप करायचीस आणि तिचा अर्थ मला चार-आठ दिवसांनी लागायचा. म्हणून मी सहा दिवस वाट पाहिली. आता वही घेऊन बसले आहे. मला असं ओणवं बसून लिहिताना पाहिलं की तू दारातूनच म्हणायचीस, "चौथी शिकली म्हनून काय गावातली सारी शाई तूच संपवते का व?" तुला अक्षरओळख नव्हती याचं मला तेव्हा बरं वाटायचं. वहीत मी तुझ्याविषयी काय लिहून ठेवलं आहे ते तुला कधी कळणार नव्हतं. आज तेच खुपतं आहे, कारण आज लिहिते आहे ते तुला कळायला हवं होतं.

गावात सध्या तुझ्याविषयी चांगलं बोलणं चालू आहे. करीमभाऊ पिंजाऱ्याची बायको, गाद्यांना टाके घालणारी, हाताला गुण असलेली, कोणाचं वाईट न चिंतणारी. मेल्यावर आपल्या वरवट बकालात सगळेच कोणाचं वाईट न चिंतणारे होतात. मला त्या बोलण्याचा राग येतो. तुझं मागचं दार आणि माझं मागचं दार एकाच बोळात समोरासमोर. पंचवीस वर्षं मी तुला त्या दारातून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर पाळत ठेवून पाहिलं.

आधी तुझ्या लेपाचं बोलते. कोणाला काही चावलं की माणसं तुझ्याकडे यायची. डास, पिसवा, लाल मुंग्या, कपाशीतली केसाळ अळी, काहीही. तू आधी मनगट धरायचीस. "पह्यले खाजवनं बंद, मंग माहं काम सुरू." मग माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं चावल्या जागी ठेवायचीस. नखं वाढलेली दिसली की पोर कितीही भोकाड पसरो, कात्रीने कापून टाकायचीस. आणि मग त्या मातीच्या बोळक्यातला पांढरा लेप बोटावर घेऊन जाडसर थापायचीस, आणि तो पुरता वाळेपर्यंत माणसाला समोर बसवून ठेवायचीस. बदल्यात काही घ्यायची नाहीस. ओंजळभर दाणे नाहीत, भाजीची जुडी नाही. फुकट देणारं माणूस मला कधीच पटलेलं नाही. जे मागून घेतं त्याचं पोट तरी दिसतं. न मागणाऱ्याच्या पोटात काय आहे हे कसं ओळखायचं?

लेपात काय आहे ते तू सांगायची नाहीस. "सांगतलं का गुन जाते," एवढं म्हणून मोकळी. आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, माझ्या सासऱ्यांनी विंचवाची मुळी अशीच कोणाला न सांगता स्वतःबरोबर नेली. पण त्यांच्यावर संशय घ्यायला मला वेळ झाला नाही, तुझ्यावर झाला. तू पाण्याला गेलीस म्हणजे मी तुझ्या ओसरीवर येऊन बोळक्याचा वास घ्यायचे. एकदा जिभेला लावून पाहिलं. नुसती मातीच लागली, आणि त्याने माझा संशय आणखी वाढला. नुसत्या मातीला कोणी एवढं झाकून ठेवतं का?

आणि तुझे ते प्रश्न. लेप वाळत असताना तू समोरच्या माणसाला बोलतं करायचीस. मामाच्या घरी बैल किती, काल घरी भाजी कशाची होती, आत्या रुसली ती परत आली की नाही. माझी वच्छी लहान असताना तुझ्याकडून परत आली की मी तिला दारातच धरायचे. "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" मला वाटायचं, ही बाई लेपाच्या निमित्ताने घराघरातल्या गोष्टी काढून घेते, आणि पुढेमागे कधीतरी त्या बाहेर काढेल. खुद्द आमचे हे तुझ्याकडे पायाला लेप लावून बसले तेव्हा मी भिंतीआड उभं राहून ऐकलं. तू त्यांना विचारत होतीस की लहानपणी ते पोहायला कुठे शिकले. हे हसून हसून सांगत होते. लग्नाला वीस वर्षं झाली होती, मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही, आणि का बोलत नाही ते तुला कळलंही नाही. की कळलं होतं?

आता मुद्द्यावर येते. मुद्द्यावर यायला मला बारा वर्षं लागली आहेत, तर आणखी अर्ध्या पानाचं काय.

आपल्या गावात ढेकूण कोणाच्याच घरात नसतात. घरात असतात, पण तोंडात नसतात. बाजा मागच्या बाजूला काढायच्या आणि कोणी विचारलं तर म्हणायचं, ऊन दाखवते आहे. अंगावर गांधी उठल्या तर म्हणायचं, पित्त उठलं. देवी टोचायला आलेला सरकारी माणूस एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होता की असं पित्ताचं गाव त्याने सगळ्या वऱ्हाडात पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

बारा वर्षांपूर्वी वच्छी सोळाची होती आणि अमडापूरच्या चांगल्या घरातली माणसं तिला पाहायला येणार होती. महिनाभर आधीपासून पोरीच्या हातांवर, मानेवर, पाठीवर लाल गांधी. खाजवून खाजवून तिने कोपरापर्यंत हात सोलून घेतले होते. मी सगळ्यांना पित्त म्हणून सांगितलं, तिला आमसुलाचं पाणी पाजलं, वांगं बंद केलं. तूच एक दिवस तिचा हात उजेडात धरून म्हणालीस, "गोदाबाई, पित्त असं रांगेनं उठते का? हे पाह्य, एक, दोन, तीन. चालता चालता चावलं हाये." मग कोणाला न विचारता आत गेलीस, वच्छी निजायची त्या पलंगाजवळ बसलीस, आणि गादीला टाके घालायचा तुझा लांब दाभण पलंगाच्या पायाच्या खाचेत घातलास.

तो माझ्या माहेरचा पलंग. सागवानी, कोरीव पायांचा, वडिलांनी आंदणात दिलेला. या घरात मी कोणाचं ऐकून घेत नव्हते ते त्या पलंगाच्या जोरावर. तू दाभण बाहेर काढलास तेव्हा त्याच्या टोकाला जे वळवळत होतं ते मी पाहिलं. तूही पाहिलंस. मग दाभण फडक्याला पुसलास.

"कोनाले सांगू नोको, राबिया."

"मी काऊन सांगू? पानी उकयव."

घासलेट ओतलं असतं तर चार दिवसांत निकाल लागला असता. पण घासलेटचा वास घरात भरला की येणारा पाहुणा ओळखतोच. म्हणून आपण दोघींनी मागचं दार लावून खाचेखाचेत उकळतं पाणी ओतलं. तू रोज सकाळी येऊन वच्छीला लेप लावायचीस आणि ती खाजवू नये म्हणून तिच्याशी बोलत बसायचीस. तिची खाज तीन दिवसांत बरीच उतरली. गांधी मात्र जायला तयार नव्हत्या. आणि त्याच वेळी मी पाहुण्यांसाठी म्हणून बैठकीची गादी करीमभाऊंकडून नवी पिंजून घेतली. ती कशी उपयोगाला येईल हे तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. एवढं तरी खरं मान.

पाहुणे आले त्या दिवशी तू मागच्या पडवीत दुसऱ्या गादीला टाके घालत होतीस. वच्छी पोह्यांच्या बशा घेऊन आली. मी तिला लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. मुलाच्या आत्याने बशी घेतली ती घेतली, आणि दुसऱ्या हाताने पोरीचं मनगट धरून बाही वर सरकवली. अशा बाया मी ओळखते, मी त्यांच्यातलीच आहे.

"हे काय व? चट्टे कायचे?"

आत्याच्या मनात कोणता रोग आला होता तो तिने तोंडातून काढला नाही, पण तिने मनगट असं सोडलं की ते सगळ्यांना कळलं. पित्त म्हणावं तर आत्या ऐकणारी नव्हती. आमच्या पलंगातले ढेकूण म्हणावं, तर घाण घराची पोरगी म्हणून ती उठून गेली असती. मी एका श्वासात बोलून गेले, "काही नाही हो, ढेकूण चावले. परवा गादी पिंजून आणली ना, तिच्यातून आले. पिंजाऱ्याच्या घरचे ते."

आत्याने मान वळवली. पडवीच्या दारात तू उभी होतीस, हातात तोच दाभण. मला वाटलं, आता संपलं. ही आता बोलणार.

"खरं काय व बाई?" आत्याने विचारलं.

"हाव," तू म्हणालीस. "आमच्याच घरचे. आमच्या घरी लय झाले हायेत." आणि वर पुढे आलीस, वच्छीचा हात तिच्या डोळ्यांपुढे धरलास. "तुमच्या मनात काही येऊ देऊ नोका. हे पहा, तीन-तीनची रांग. ढेकनाचंच काम. अन् रोगाचा चट्टा खाजते का? पोरीले इचारा, खाजते का नाही ते."

"खाजते," वच्छी म्हणाली, आणि रडायला लागली. आत्या हसली. लग्न ठरलं.

आत्या अमडापूरला परत जाईपर्यंत ती गोष्ट तिने वाटेत किती ठिकाणी सांगितली देव जाणे. आठवडी बाजारात दोनदा माझ्याच कानावर आली. त्या हिवाळ्यात गावातल्या एकानेही करीमभाऊंना गादी दिली नाही, रजई दिली नाही. पिंजणाची तार वाजली की सकाळ झाली म्हणायचो आपण, ती वाजेनाशी झाली. करीमभाऊ मलकापूरला कापसाच्या कारखान्यात गेले आणि तीन हंगाम तिकडेच राहिले. परत आले ते खोकला घेऊन. मी हे सगळं मागच्या दारातून पाहिलं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मग मनात यायचं, वच्छीचं लग्न होऊ दे. मग यायचं, ती सासरी रुळू दे.

आणि त्याहून वाईट सांगते. या सगळ्या काळात मी तुझ्यावरच संशय घेतला. ही हो का म्हणाली? मी तर फक्त गप्प राहा म्हणाले होते. नुसतं गप्प राहायचं सोडून हिने सगळं अंगावर का घेतलं? नक्कीच काहीतरी मागायचं असेल. मी वाट पाहत राहिले. तू काही मागितलंस की मी मोकळी झाले असते. दिवाळीत तुझ्याकडे करंज्या पाठवल्या, तू ईदेला शिरखुर्मा पाठवलास. म्हणजे फिटंफाट, हिला माझं काही अंगावर ठेवायचं नाही, असं मी त्यातूनही काढलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात बारा वर्षं पौर्णिमाच होती.

एकदा मी विचारलंही. नदीवर गोधड्या धूत होतो, वच्छीचा पहिला मुलगा तेव्हा पोटात होता. "राबिया, त्या दिवशी तू हाव काऊन म्हनली?"

तू गोधडी पिळत होतीस. "तुह्या तोंडातून निंघून गेलं होतं ना. मंग दोघीयचं एकच पाह्यजे."

"एवढंच?"

"एवढंच. ते टोक धर, पिळून घे."

मला ते पटलं नाही. एवढ्यावर कोणी नवऱ्याचा धंदा बुडू देतं का? मी घरी येऊन त्या एका वाक्याचे चार अर्थ काढले आणि त्यातला सर्वात वाईट धरून बसले, की तू मला वेडी समजतेस. ते भांडण तसंच राहिलं. भांडण म्हणावं तर तुझ्या बाजूने ते कधी सुरूच झालं नव्हतं.

तू तापाने पडलीस तेव्हा मी दुसऱ्या दिवशी आले. सरकारच्या या लढाईमुळे घासलेट मिळत नाही, दिवे लवकर मालवावे लागतात, डासांनी गाव फोडून काढलं आहे. तुझ्या पावलांवर हे एवढे फोड, आणि तू ग्लानीत पायाने पाय घासत होतीस. मी तुझं पाऊल मांडीवर घेतलं. ओलं फडकं ठेवलं. मग बोळकं उघडून पाहिलं तर लेप वाळून खडा झाला होता.

"पानी टाक," तू डोळे मिटूनच म्हणालीस. "माठातलं. चुलीपाशी हाये." आणि मी ढवळत असताना म्हणालीस, "गावच्या पांढरीची माती हाये ती. फडक्यातून चाळलेली. दुसरं काही नाही त्याच्यात."

"सांगतलं का गुन जाते म्हनत होती ना?"

"तिचा गुन मातीत नाही व. ओली माती थंड लागते, अन् वाळेपर्यंत मानूस हात लावत नाही. खाजवलं नाही का आपोआप बसते. पन नुसती माती हाये म्हटलं तर कोनी बसन का तेवढा वेळ?"

मला हसूच आलं. इतक्या वर्षांपूर्वी जिभेला लावून पाहिलेली ती माती खरोखरच माती होती. मी लेप लावला, आणि तू पुन्हा पाय घासू नयेस म्हणून तुला विचारलं की तुझ्या माहेरी किती बकऱ्या होत्या. तू एकेका बकरीचं नाव सांगायला लागलीस. तेव्हा कुठे मला तुझ्या प्रश्नांचा अर्थ लागला. तू कोणाचं काही काढून घेत नव्हतीस. माणसाचे हात त्याच्या खाजेवरून दूर ठेवत होतीस.

तुझं गुपित तू मला देऊन टाकलंस. आता माझी पाळी, हे मला कळत होतं. वाक्य ओठावर आलं होतं. तेवढ्यात तुझी सून नूरी उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आत आली आणि रिकाम्या बाजेच्या खाचांत पाणी ओतायला लागली. आजारी माणसाच्या खोलीत हे काय म्हणून मी रागावले, तर म्हणाली, "दर आठ दिवसाले करतो आम्ही. अम्मीले पाहाले लोक येते. कोनी म्हनन, अजून या घरात ढेकून हायेत."

ती या घरात आली तेव्हा त्या गोष्टीला चार वर्षं होऊन गेली होती. तिला कोणी खरं सांगितलंच नव्हतं. तू सुनेलाही सांगितलं नाहीस. आणि ती बिचारी, न केलेल्या चुकीची लाज धुऊन काढायला दर आठवड्याला पाणी उकळत होती. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहत होतीस. मी उठले आणि घरी आले. मला त्याची लाज वाटते, राबिया. एवढी लाज मला ढेकणांची कधी वाटली नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तू गेलीस.

तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, मी तुझ्या ओसरीवर बायांमध्ये बसले होते. नूरी पुन्हा ते पातेलं घेऊन बाजेकडे निघाली. मी म्हणाले, "नूरी, ठेव ते खाली. ते ढेकून तुमच्या घरचे नव्हते. माह्या पलंगात होते. मी खोटं बोलली होती."

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. नूरीने पातेलं खाली ठेवलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. "अम्मीवर जीव होता तुमचा, म्हनून म्हनता."

"अवं, खरं सांगून राह्यली मी!"

"गेलेल्या मानसाचं सारंच गोड दिसते, गोदाबाई," शेजारची एक जण म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. जन्मभर मी खोटं बोलले ते पहिल्या फटक्यात खरं ठरलं. खरं बोलायला तोंड उघडलं तर कोणी ऐकायला तयार नाही. मी रडायला लागले, तर त्यांना आणखीच खात्री पटली.

तेव्हा करीमभाऊ दाराबाहेरून बोलले. ते भिंतीला टेकून बसले होते, वर खुंटीला पिंजण टांगलेलं. "बाई खरं म्हनते," ते म्हणाले. "पिंजनाच्या तारेखाली मुंगी जगत नाही, ढेकून कुठचा जगते? मी त्याच दिवशी समजलो होतो."

"मंग तुम्ही बोलले काऊन नाही?" मी ओरडलेच. "मलकापूरले काऊन गेले?"

"राबिया म्हने, पोरीचं लगन उरकू द्या. लगन झालं. मंग म्हने, पोरगी नवी हाये सासरी. मंग तिले पोरगं झालं." ते खोकले. "एक डाव मी लय रागावलो. मलकापूरवरून आलो होतो, आंगात ताप होता. म्हटलं, आता मीच जाऊन सांगतो चार मानसात. तर म्हने, तुम्ही नोका सांगू. गोदाबाई सोताच सांगन. तिले वेळ लागते."

राबिया, तू त्या दारातून मला पंचवीस वर्षं पाहिलंस आणि तुला हे दिसलं? मला आरशात कधी दिसलं नाही. मी वाटेल तसा विचार करून पाहिला. म्हटलं, करीमभाऊ माझी समजूत घालायला बोलले असतील. म्हटलं, तुला नवऱ्याला गप्प करायचं होतं म्हणून तू तसं म्हणालीस. दोन दिवस मी त्या वाक्याला उलटसुलट करून पाहिलं, त्याच्यात खोट सापडली नाही. तू खरोखरच माझी वाट पाहत होतीस. तुझं पाऊल माझ्या मांडीवर होतं तेव्हाही वाटच पाहत होतीस, आणि मी उठून घरी आले.

वच्छीला पत्र टाकलं आहे, सगळं लिहून. तिची आत्येसासू अजून खुटखुटीत आहे आणि ती हे ऐकून काय करेल ते मला माहीत नाही. वच्छीला आता दोन मुलं आहेत, म्हणून फार काही होणार नाही असं हे म्हणतात. मला भीती वाटते. पण तुझ्या घरचं पातेलं इतकी वर्षं दर आठवड्याला चुलीवर चढलं, आता माझी भीती पुरे झाली.

घासलेट नाही म्हणून त्या पलंगात पुन्हा ढेकूण झाले आहेत. या महिन्यात मीही पित्तच म्हणत होते. काल बाजाराचा दिवस. सकाळी मी ह्यांना सांगितलं की पलंग बाहेर काढायचा आहे. ते सवयीने मागच्या दाराकडे वळले. म्हटलं, मागे नाही, पुढच्या अंगणात, रस्त्याकडे तोंड करून. ते माझ्याकडे पाहत राहिले, पण काढला. मी त्याचे कोरीव पाय सोडवून ओळीने मांडले आणि चुलीवर पाणी चढवलं. करीमभाऊ येऊन ओट्यावर बसले. नूरी आपलं पातेलं घेऊन आली, न बोलवता. ओतलेल्या पहिल्याच पाण्याबरोबर खाचेतून ते बाहेर आले, त्याच खाचेतून, जिथे तू दाभण घातला होतास.

माझे दोन्ही हात चावून लाल झाले होते, तिथे नूरीने लेप थापला होता. वाळत आला होता आणि मी हात लावत नव्हते. बाजाराला चाललेल्या बाया थांबायला लागल्या. त्यांतल्या एकीने डोक्यावरची टोपली सावरत विचारलं, "काय व गोदाबाई, ढेकून झाले काय?"

"हाव," मी म्हणाले.

तिने करीमभाऊंकडे पाहिलं, मग नूरीकडे. "कोनाच्या घरचे?"

"आमच्याच घरचे," मी म्हणाले. "बारा वर्षांआंधीचेही आमच्याच घरचे."